शरीरातला पहारा : डॉ. कमल रणदिवे ते इम्युनोथेरपी

नांदेड आणि लातूर भागातून या सदरासाठी येणाऱ्या पत्रांत अलीकडे एक शब्द वारंवार दिसू लागला आहे. तो म्हणजे इम्युनोथेरपी. कुणाच्या आईला फुप्फुसाचा कर्करोग आहे, कुणाच्या सासऱ्यांना तोंडाचा. तालुक्याच्या गावी तपासणी झाली, मग मोठ्या शहरात नेले आणि तिथे डॉक्टरांनी हा शब्द उच्चारला. एका मुलीने लिहिले आहे : "बाबा ७४ वर्षांचे आहेत. इंजेक्शनचा खर्च ऐकून आम्ही गप्पच झालो. दोन एकर विकावे का?"

या प्रश्नाला हो किंवा नाही असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. मात्र हे औषध काय करते, ते कुठून आले आणि त्याच्याकडून किती अपेक्षा धरावी, एवढे नीट कळले तर निर्णय घेणाऱ्याचे मन थोडे स्थिर होते. म्हणून आज प्रथम एका मराठी संशोधक स्त्रीची ओळख करून घेऊ आणि तिच्या कामाच्या वाटेने या उपचारापर्यंत येऊ.

डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या कमल समर्थ, यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते. मुलगी हुजूरपागेत शिकली. तिने डॉक्टर व्हावे ही वडिलांची इच्छा होती. तिने मात्र वनस्पतिशास्त्र व प्राणिशास्त्र निवडले. १९३९ मध्ये गणितज्ञ जे. टी. रणदिवे यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून कमलाबाईंनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळवली.

त्यानंतर त्या अमेरिकेतील बाल्टिमोर येथे डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. माणसाच्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत जिवंत ठेवण्याचे आणि वाढवण्याचे तंत्र त्यांनी तिथे आत्मसात केले. हेन्रिएटा लॅक्स या रुग्ण स्त्रीच्या कर्करोगाच्या पेशी १९५१ मध्ये प्रथम अखंड वाढवल्या गेल्या, त्या याच डॉ. गाय यांच्या प्रयोगशाळेत. तिकडे राहण्याऐवजी कमलाबाई परत आल्या आणि खानोलकरांनी उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात पेशीसंवर्धनाची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. पेशी वाढवण्यासाठी लागणारी पोषक द्रव्येसुद्धा साठच्या दशकात त्यांनी सहकाऱ्यांसह इथेच तयार करून घेतली.

त्यांच्या संशोधनाचा मुख्य विषय स्तनाचा कर्करोग हा होता. हा रोग काही घराण्यांत अधिक का आढळतो, त्यात आनुवंशिकतेचा, संप्रेरकांचा आणि विषाणूंचा वाटा किती, हे त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून तपासले. सुपारी आणि तंबाखू यांनी कर्करोग कसा होतो, यावरही त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालकपदाची धुरा सांभाळत होत्या. त्यांनी तिथे तीन नवे विभाग सुरू केले : कर्करोग कसा निर्माण होतो याचा, पेशीविज्ञानाचा आणि रोगप्रतिकारशास्त्राचा. आजच्या विषयाशी नाते आहे ते या तिसऱ्या विभागाचे.

कर्करोग म्हटला की शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पुढे केमोथेरपी, एवढीच त्या काळची शस्त्रे. शरीराचे स्वतःचे सैन्य या लढाईत उतरवता येईल का, हा विचार मात्र जुना होता. न्यूयॉर्कचे शल्यविशारद विल्यम कोली यांनी १८९१ मध्येच एका रुग्णाच्या गाठीत जिवाणू टोचून पाहिले होते. जिवाणूंमुळे शरीर खवळून उठेल आणि त्या भरात गाठीवरही तुटून पडेल, ही त्यांची अपेक्षा. काही रुग्णांत ती खरी ठरली, अनेकांत ठरली नाही. कारण कळत नव्हते, म्हणून ही वाट मागे पडली.

कमलाबाईंच्या कामात हा धागा वेगळ्या ठिकाणी सापडतो. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर या तिघांनी कुष्ठरुग्णांच्या शरीरातून मिळवलेला एक जिवाणू प्रयोगशाळेत वाढवला. केंद्राच्या नावावरून तो 'आयसीआरसी' जिवाणू म्हणून ओळखला जातो. पुढे डॉ. एम. जी. देव यांनी त्याच्यापासून कुष्ठरोगाची लस तयार केली आणि दक्षिण भारतातील मोठ्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. ज्या रोग्याची प्रतिकारशक्ती जिवाणूला ओळखूनही स्वस्थ बसलेली असते, तिला जागे करायचे, हा त्या लसीमागचा विचार होता. कर्करोगाच्या इम्युनोथेरपीचे मूळ सूत्रही हेच आहे.

याच घराण्यातल्या आणखी एका जिवाणूचा उपयोग आपल्या वयाच्या अनेक वाचकांनी स्वतः अनुभवला असेल. दंडावर बालपणीच्या बीसीजी लशीचा वण असतो, तीच बीसीजी मूत्राशयाच्या प्राथमिक कर्करोगात नळीवाटे मूत्राशयात सोडतात. कॅनडातील डॉ. मोरालेस यांनी १९७६ मध्ये तिचा गुण दाखवून दिला आणि आजही हा उपचार सर्रास वापरला जातो. म्हणजे 'इम्युनोथेरपी' हा शब्द आपल्याला नवा वाटला, तरी तिचे एक साधे रूप कितीतरी वर्षे रुग्णालयांत नांदते आहे.

सत्तरच्या दशकात हीच बीसीजी मेलानोमाच्या गाठींमध्येही टोचून पाहिली गेली. मेलानोमा म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग. तो आकाराने लहान, पण फार लवकर यकृत, फुप्फुसे आणि मेंदूपर्यंत पसरणारा. केमोथेरपीला तो फारसा दाद देत नाही. मात्र क्वचित एखाद्या रुग्णाची गाठ आपोआप विरघळल्याचे डॉक्टरांना दिसत असे. शरीर या शत्रूला ओळखते, मग प्रत्येक वेळी हल्ला का करत नाही? जगभरातल्या अनेक संशोधकांनी या एका प्रश्नावर आयुष्य वेचले.

उत्तर सापडले ते असे. आपल्या रक्तातील टी पेशी या पहारेकऱ्यांसारख्या असतात. त्यांनी आपल्याच शरीरावर हात उगारू नये, म्हणून त्यांना निसर्गाने लगाम घातलेले आहेत. कर्करोगाची पेशी लबाड असते. ती हा लगाम खेचून धरते आणि पहारेकरी जागच्या जागी थांबतो. अमेरिकेचे जेम्स ॲलिसन आणि जपानचे तासुकू होंजो यांनी दोन वेगवेगळ्या लगामांवर संशोधन केले. लगाम सैल करणारे पहिले औषध, इपिलिमुमॅब, २०११ मध्ये मेलानोमासाठीच मान्य झाले. पाठोपाठ पेम्ब्रोलिझुमॅब आणि निव्होलुमॅब आली. २०१८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ॲलिसन व होंजो यांना मिळून देण्यात आले.

याचा परिणाम किती? पसरलेल्या मेलानोमाचे बहुसंख्य रुग्ण पूर्वी वर्षभरही जगत नसत. दोन औषधे एकत्र घेतलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के रुग्ण १० वर्षांनंतरही जिवंत असल्याचे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांना २०१५ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी, यकृतात आणि मेंदूत पसरलेला मेलानोमा असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि पेम्ब्रोलिझुमॅब असे उपचार झाले. त्यानंतर ते नऊ वर्षे जगले आणि डिसेंबर २०२४ मध्ये, शंभरी ओलांडून, निवर्तले. केवळ वय झाले म्हणून या उपचाराचे दार बंद होत नाही, हे या उदाहरणावरून ज्येष्ठांनी लक्षात ठेवावे. मात्र प्रत्येकाला असेच यश येते, असा अर्थ त्यातून काढू नये. ४३ टक्के जगले, याचा अर्थ निम्म्याहून अधिक जगले नाहीत, असाही होतो.

आता खर्चाचा प्रश्न. ही औषधे इतकी महाग आहेत की आपल्याकडच्या बहुसंख्य रुग्णांना ती पूर्ण मात्रेत घेणे शक्यच होत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि त्यांचे सहकारी यांनी हीच अडचण संशोधनाचा विषय केली. औषधाचा लगामावरचा परिणाम फार कमी मात्रेतही दिसतो, मग तेवढीच मात्रा देऊन पाहिली तर? डोके व मान या भागाचा कर्करोग बरा होण्याच्या पलीकडे गेलेल्या १५१ रुग्णांवर त्यांनी चाचणी केली. अर्ध्या रुग्णांना कमी मात्रेच्या नेहमीच्या गोळ्या दिल्या, उरलेल्यांना त्याच गोळ्यांसोबत दर तीन आठवड्यांनी केवळ २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिले. प्रचलित मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅमची असते. एका वर्षानंतर पहिल्या गटातले सुमारे १६ टक्के, तर दुसऱ्या गटातले सुमारे ४३ टक्के रुग्ण जिवंत होते. रुग्णांच्या आयुर्मानाचा मध्य ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला.

हे आकडे शांतपणे वाचावेत. रोग समूळ गेला, असे त्यांत म्हटलेले नाही. काही महिन्यांची भर पडली आणि काहींना त्याहून अधिक काळ मिळाला. हा निष्कर्ष त्या एका प्रकारच्या कर्करोगापुरता आहे. तरीही पैशाअभावी ज्यांना काहीच मिळत नव्हते, त्यांच्यासाठी एक दार उघडले. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग घरोघर पोहोचलेल्या आपल्या मराठवाड्याला या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

याच वाटेवरचे आणखी एक पाऊल म्हणजे आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक केंद्र यांनी मिळून विकसित केलेली कार-टी पेशींची उपचारपद्धती. तिला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. रुग्णाच्याच टी पेशी काढून, त्यांना शत्रू ओळखायला शिकवून पुन्हा शरीरात सोडतात. तूर्त ती रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या काही विशिष्ट कर्करोगांसाठीच आहे. कमलाबाईंच्या संस्थेची परंपरा आज नवी मुंबईत खारघरच्या ॲक्ट्रेक या केंद्रात चालू आहे. तेथील माजी संचालक डॉ. शुभदा चिपळूणकर यांनी तोंडाच्या कर्करोगातील टी पेशींच्या वर्तनावर दीर्घकाळ काम केले.

आता पत्रातल्या प्रश्नाकडे वळू. डॉक्टरांनी इम्युनोथेरपी सुचवली तर कुटुंबाने पाच गोष्टी विचारून घ्याव्यात.

पहिली : हे औषध रोग बरा करण्यासाठी आहे की आयुष्य वाढवण्यासाठी आणि त्रास कमी करण्यासाठी? दोन्ही उद्दिष्टे योग्यच आहेत. पण जमिनीचा व्यवहार करण्यापूर्वी त्यांतले कोणते, हे माहीत असायला हवे.

दुसरी : आमच्या रुग्णाच्या गाठीची तपासणी पाहता औषध लागू पडण्याची शक्यता किती? काही कर्करोगांत गाठीच्या तुकड्यावर विशेष चाचण्या करून याचा अंदाज बांधता येतो.

तिसरी : किती मात्रा, किती महिने आणि औषध लागू पडत नाही हे केव्हा कळेल? साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी करून निर्णय घेतात. म्हणून सगळ्या खर्चाची सोय पहिल्याच दिवशी करण्याची घाई करू नये.

चौथी : कमी मात्रेचा पर्याय किंवा एखादी चालू असलेली चाचणी आमच्यासाठी आहे का? दुसरे मत घेण्यात संकोच नको. लातूर आणि नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, लातूरचे विवेकानंद रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय, छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय ही ठिकाणे मुंबईपेक्षा जवळची आहेत. सल्ला आणि पुढची दिशा तिथेही मिळते.

पाचवी : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत यातले काय बसते? योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. परंतु प्रत्येक औषध तिच्यात येतेच असे नाही. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याच्याकडून आधी खात्री करून घ्यावी.

आणि या पाचांहून महत्त्वाची एक गोष्ट रुग्णालयात नव्हे, घरी विचारायची आहे. ती रुग्णालाच विचारायची. आपल्याकडे वडीलधाऱ्यांपासून निदान लपवण्याची रीत आहे. त्यामागे माया असते, हे खरे. परंतु ज्यांच्या शरीरावर उपचार होणार आणि ज्यांच्या नावावरची जमीन विकली जाणार, त्यांनाच काही ठाऊक नसणे हा अन्याय आहे. काही ज्येष्ठ म्हणतील, "करू या, नातीचे लग्न पाहायचे आहे." काही म्हणतील, "वेदना होऊ देऊ नका, बाकी नको." दोन्ही उत्तरांचा मान राखावा. वेदनाशामक उपचार स्वीकारणे म्हणजे हार मानणे नव्हे.

उपचार सुरू झालाच, तर काळजी घेणाऱ्याने डोळ्यांत तेल घालून काही लक्षणांकडे पाहावे. या औषधांनी सहसा केस गळत नाहीत, उलट्याही कमी होतात, म्हणून घरचे निर्धास्त राहतात. पण लगाम सैल झालेले पहारेकरी कधी कधी आपल्याच अवयवांवर उलटतात. दिवसातून अनेकदा पातळ जुलाब, नवा कोरडा खोकला किंवा धाप, डोळे पिवळे होणे, अंगभर पुरळ, खूप तहान आणि वारंवार लघवी, विलक्षण थकवा यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी कर्करोगतज्ज्ञांना कळवावे. 'अतिसार झाला, उद्या पाहू' असे म्हणू नये. ही लक्षणे औषध थांबवल्यानंतर काही महिन्यांनीही उद्भवू शकतात. संधिवातासारखा प्रतिकारशक्तीशी निगडित जुना आजार किंवा अवयव प्रत्यारोपण झाले असेल, तर ते आधीच सांगावे. आणि 'इम्युनिटी वाढवणारी' म्हणून विकली जाणारी चूर्णे व काढे म्हणजे इम्युनोथेरपी नव्हे. डॉक्टरांना न विचारता ती सोबत घेऊ नयेत.

शेवटी मेलानोमाबद्दल. गोऱ्या लोकांच्या देशांत तो उन्हाशी जोडला जातो. आपल्याकडे तो एकंदरीत दुर्मीळ. पण होतो तेव्हा पुष्कळदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो, जिथे उन्हाचा संबंध नसतो. अनवाणी शेतात जाणाऱ्या माणसाचे तळपाय आधीच काळवंडलेले, भेगाळलेले असतात. तिथला काळा डाग कुरूप समजून ब्लेडने कापला जातो, त्यावर ॲसिड लावले जाते किंवा बिब्बा घातला जातो. यात मोलाचे महिने निघून जातात.

म्हणून घरातल्या ज्येष्ठांना अंघोळ घालताना किंवा त्यांचे पाय चेपताना महिन्यातून एकदा उजेडात त्यांचे तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि नखे पाहावीत. नवा काळा डाग, वाढत जाणारा किंवा वेडीवाकडी कड असलेला डाग, एकाच डागात दोन-तीन रंग, सहा मिलिमीटरहून मोठा आकार, नखावरची रुंद होत जाणारी काळी रेघ, बरी न होणारी जखम यांपैकी काही आढळले तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावे. मधुमेही व्यक्तीच्या पायांची पाहणी तर रोजच करायची असते. तीच नजर इथेही कामास येते. सुरुवातीलाच काढलेल्या मेलानोमाला बहुधा इम्युनोथेरपीची गरजच पडत नाही.

कमल रणदिवे यांना १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याआधी १९७३ मध्ये त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना उभी केली होती. उतारवयात त्या अहमदनगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास करीत होत्या. प्रयोगशाळेत पेशी वाढवणाऱ्या बाईंना शेवटी वजनकाटा घेऊन वस्तीवर जावेसे वाटले, कारण रोगाशी लढण्याची शक्ती आधी ताटातून येते, हे त्या जाणून होत्या. आपल्या घरातील रुग्णासाठी औषधाइतकेच पोटभर, मऊ, प्रथिनयुक्त जेवणही आज संध्याकाळपासून सुरू करता येईल. त्यासाठी जमीन विकावी लागत नाही.